भोंगा वाजवण्याआधी गावानं काय करायला हवं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर आपल्याला लागू पडतं का हे इतरांनाही ताडता येईल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या, दोन हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. सरपंचांना २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे: रोज संध्याकाळी सात ते साडेआठ भोंगा वाजवून मोबाइल आणि टीव्ही बंद, मोडेल त्याला दंड. शाळेचे हेडसर म्हणतात, गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच येतो, मग मुलांनी अभ्यास कसा करायचा. तुमची मुलगी आठवीत आहे आणि जेवतानाही तिच्या हातातला फोन सुटत नाही. ठरावाला हात वर करू की नको, असं तुम्ही विचारलंय.

ठराव आहे तसा मांडला तर हात वर करू नका. कल्पना मात्र चांगली आहे, ती टाकून देऊ नका. अडचण अशी की संध्याकाळचा मोबाइल मुलांच्या हातात आपणच दिलेला आहे. शाळेनं तो गृहपाठासाठी दिला. ग्रामपंचायतीनं नोटिशींसाठी आणि ओटीपीसाठी दिला. आई-बाप फडावर, म्हणजे ऊस तोडायला, गेलेल्या घरांत तर त्यांचा आवाज ऐकायला तेवढीच एक वस्तू आहे. ही कामं त्या वेळेतून हलवली नाहीत, तर भोंगा आठ-पंधरा दिवस वाजेल आणि नंतर लोक त्याकडे लक्ष देणं सोडतील. आधी शाळा आणि पंचायत यांनी आपापलं काम संध्याकाळच्या फोनवरून काढून घ्यायचं, मग घरांना सांगायचं. क्रम असाच ठेवा.

मी ग्रामसेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा पंचायतीचं दप्तर म्हणजे एक लाकडी कपाट होतं. २०११ साली संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आले, पुढं आपले सरकार सेवा केंद्रं आली, आणि निवृत्त होईपर्यंत दाखले, करवसुली, आराखडा, हजेरी असं जवळजवळ सगळं काम पडद्यावर गेलं होतं. त्याचा फायदा मी रोज पाहिला आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत दिवस घालवणारा माणूस आता डिजिटल सहीचा उतारा घेऊन दहा मिनिटांत बाहेर पडतो. म्हणून इंटरनेट वाईट, मोबाइल वाईट, असं मी म्हणणार नाही. गावातलं कुठलं काम कुठल्या वेळी कुणाच्या हातातल्या फोनवर जाऊन पडलंय, एवढंच मला तुमच्यासमोर मांडायचं आहे.

भोंग्याची कल्पना बहुतेकांनी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावावरून घेतली आहे. कडेगाव तालुक्यातल्या या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवलं की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतील. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, हे तिथल्या शिक्षकांनी सांगितलं होतं. बातम्यांत भोंग्याचीच चर्चा झाली. मला त्या गावाची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आशाताई, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, टाळाटाळ करणाऱ्यांशी बोलले. तो भाग ऊस पिकवणारा आहे, संध्याकाळी आई-बाप घरी असतात. तुमच्या गावातली माणसं तसल्याच भागात ऊस तोडायला जातात. त्यामुळे वडगावची वेळ, वडगावचा नियम जसाच्या तसा उचलून तुमच्याकडं बसणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. तुमच्या सरपंचांच्या मनात कदाचित तेही असेल. गावानं एका आवाजात काही म्हणणं याला वजन असतं, ते मी नाकारत नाही. पण दंडाचं सांगते. घराच्या आत कोण काय पाहतो यावर दंड वसूल करण्याचा अधिकार कायद्यानं ग्रामपंचायतीला दिलेला नाही. एखाद्यानं पावती मागितली तर तुम्ही ती कुठल्या लेखाशीर्षाखाली फाडणार? आणि दंड लागेल तो कुणाला, हाही विचार करा. ज्याच्या घराला दार धड नाही, ज्याचा उजेड रस्त्यावर दिसतो, त्याला लागेल. बंगल्यात वरच्या मजल्यावर काय चाललंय ते पाहायला कुणी जाणार नाही.

आता मुलांच्या हातात फोन कसा आला ते पाहू. प्रथम संस्थेच्या 'असर' अहवालानुसार २०१८ साली ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी साधारण ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या पुढं गेलं. तीन वर्षांत एवढी उडी हौसेनं पडत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागली, आणि शेळी विकून, ऊसतोडीसाठी आगाऊ मिळालेल्या उचलीतले पैसे मोडून लोकांनी फोन घेतले. तेव्हा ते योग्यच होतं. पण शाळा उघडल्यावर फोन परत कुणी मागितला नाही आणि ग्रुपही बंद झाला नाही. २०२४ च्या 'असर'मध्ये १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं, मागच्या आठवड्यात कशासाठी वापरला. अभ्यासासाठी म्हणणारे ५७ टक्के होते, समाजमाध्यमांसाठी म्हणणारे ७६ टक्के. दोन्ही कामं एकाच यंत्रावर, एकाच वेळी चालतात. मूल 'गृहपाठ बघतो' म्हणून फोन घेतं आणि ते खरंही असतं. गृहपाठ दोन मिनिटांत बघून होतो, फोन मात्र दोन तास हातात राहतो. त्यात रिचार्जची भर. रोजचा दीड-दोन जीबी डेटा रात्री बाराला संपतो, उरला तर पुढं जात नाही. पैसे भरलेत तर वाया का घालवायचा, असा हिशेब लहान मुलंही करतात.

म्हणून सुरुवात शाळेपासून करा. हेडसरांशी भांडू नका, त्यांच्यासोबत बसा आणि कामाचे दोन भाग करा. एका भागात वरून आलेली कामं: यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंदणी. ही सरांना टाळता येणार नाहीत आणि त्यांचा मुलांच्या फोनशी संबंधही नाही. दुसऱ्या भागात सवयीनं चालू राहिलेली कामं: गृहपाठाचा फोटो, उद्या काय आणायचं ती सूचना, कार्यक्रमाचे फोटो. गृहपाठ शाळा सुटण्याआधी फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेता येतो. शेवटची दहा मिनिटं त्याला द्यायची. गैरहजर मुलाला शेजारचं मूल वही दाखवेल, पूर्वी दाखवायचं तसं. ग्रुपवर फक्त पालकांसाठी सूचना, तीही पाचच्या आत. एवढं करायला जिल्हा परिषदेची परवानगी लागत नाही, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवता येतं. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तुमच्या गावात ती समिती कागदावर असेल तर तिला जागं करायची ही चांगली संधी आहे. शिक्षक तक्रार करतील की पालकांना वही बघायची सवय राहिली नाही, ग्रुपवर टाकलं की आमची जबाबदारी संपते. त्यांचं म्हणणं समजून घ्या, कारण गृहपाठ केला नाही तर बोल त्यांनाच लागतो. त्यांना समितीकडून लेखी द्या की वहीत दिलेला गृहपाठ हाच दिलेला गृहपाठ धरला जाईल.

शाळेतून इंटरनेट काढा असं मात्र कुणाला वाटू देऊ नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या धड्यांना, कवितांना क्यूआर कोड जोडले, पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तिथं पडदा उघडला की शेजारी शिक्षक असतो, पडदा बंद कधी करायचा हेही तो ठरवतो. तुमच्या शाळेत डिजिटल वर्ग असेल, टीव्ही असेल, तर जे बघायचं ते तिथं सगळ्यांनी मिळून बघावं. घरी एकट्यानं बघण्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त हाती लागतं.

आता आपल्या पंचायतीकडं येते, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी नोकरी याच कामात गेली. पाणी कधी सुटणार, ई-पीक पाहणीची मुदत कधी, कुठल्या योजनेची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) राहिली, शिबिर कुठं, हे सगळं गावच्या ग्रुपवर पडतं, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सातनंतर, कारण सदस्य आणि कर्मचारी तेव्हाच मोकळे असतात. त्याच ग्रुपवर शुभेच्छा, वाढदिवस, राजकारण, भांडणं. कामाची एक ओळ शोधायला माणूस शंभर संदेश चाळतो. दवंडी बंद झाली, फलकावरची नोटीस जुनीच राहते, आणि ज्यांच्याकडं साधा बटणाचा फोन आहे त्यांना काहीच कळत नाही. उपाय सोपा आहे. पंचायतीचा सूचनांचा ग्रुप वेगळा काढा, त्याच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करा, आणि दिवसातून एकदा, दुपारी, जे सांगायचं ते सांगा. तीच सूचना छापून फलकावर लावा, महत्त्वाची असेल तर दवंडी द्या. सातनंतर पाणी, वीज, अपघात, मयत एवढ्याच बातम्या.

ओटीपीचा घोळ यापेक्षा मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आजीची पीएम किसानची ई-केवायसी, आईची लाडकी बहीणची ई-केवायसी, गॅस, रेशन, बँक, यातलं प्रत्येक काम आज घरातलं सातवी-आठवीतलं मूल करतं. तेही बहुतेक संध्याकाळी. मी कित्येक घरांत पाहिलंय, फोनचा लॉक वडिलांना माहीत नसतो, मुलीला माहीत असतो. घरात सगळे तिच्याकडं काम घेऊन येतात आणि मग तिनं फोन सोडत नाही म्हणून तिलाच रागावतात. तुमच्या घरीही विचारून पाहा, मागच्या महिन्यात मुलीनं किती जणांचे फॉर्म भरले. हे काम पंचायतीनं परत आपल्या अंगावर घ्यावं. आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा दिवस सोडून. त्या दिवशी सेवा केंद्राचे केंद्रचालक सकाळपासून फक्त केवायसी आणि ओटीपीची कामं करतील, म्हातारी माणसं फोन घेऊन येतील, बरोबर घरातलं मोठं माणूस येईल. केंद्रचालकांचं मानधन वेळेवर होत नाही ही राज्यभरची तक्रार आहे. तुमच्याकडं तसं असेल तर आधी ते मिटवा, नाहीतर एका थकलेल्या माणसावर आणखी एक काम पडेल.

एक गोष्ट आजच बंद करा, ठरावाची वाट न पाहता. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांकासकट, खाते क्रमांकासकट, ग्रुपवर टाकल्या जातात. मुलींचे शाळेतले फोटो नावासह टाकले जातात. गावाला वाटतं ग्रुप म्हणजे आपलं घर. पण त्यातले दोनशे फोन कुणाकुणाच्या हातात जातात हे अ‍ॅडमिनला सांगता येणार नाही. यादी कार्यालयात लावा, त्यातही आधारचे शेवटचे चारच आकडे ठेवा.

ऊसतोडीच्या घरांचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तुमच्या गावात हाच सगळ्यात नाजूक भाग आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मुलं आजी-आजोबांकडं किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. आई-बाप पहाटे फडात जातात, मोळ्या बांधणं, गाडी भरणं उरकून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, यायला त्यांना सात-आठ वाजतात. चूल पेटवता पेटवता आई घरी फोन लावते. म्हणजे तुमच्या भोंग्याची जी वेळ, तीच आई मुलाचं तोंड बघायची वेळ. कित्येक घरांत स्मार्टफोन घेतलाच आहे तो या व्हिडिओ कॉलसाठी. हा कॉल अडवणारा कुठलाही नियम मला मान्य होणार नाही, तुम्हीही मान्य करू नका. 'मोबाइल बंद' असे शब्द ठरावात नकोतच. रील, गेम, मालिका, क्रिकेट बाजूला. आई-बापाचा फोन कधीही चालू. वसतिगृहात तर उलट जास्त करायला हवं. एका खोलीत एक-दोन फोन ठेवून प्रत्येक मुलाला रोज बोलायची पाळी ठरवून द्या. माझा अनुभव असा की ज्या मुलाला आपला फोन ठरल्या वेळी येणार हे माहीत असतं, ते दिवसभर फोनभोवती घोटाळत नाही.

घरातली वेळही घरातल्या बाईला विचारून ठरवा. सात ते साडेआठ म्हणजे भाकरी थापायची वेळ. भोंगा वाजला आणि पालकांनी मुलांजवळ बसावं असं ठरलं, की तव्यासमोरच्या आईनंच एका हातानं पुस्तक धरायचं, आणि वडील पारावर, त्यांच्या हातात फोन. हे मी पाहिलंय आणि मुलंही पाहतात. ठराव पुरुषांच्या फोनपासून सुरू झाला पाहिजे. पारावर, दूध डेअरीवर, पंचायतीच्या ओट्यावर त्या वेळेत फोन खिशात. सरपंचांनी आणि तुम्ही सदस्यांनी पहिला आठवडा हे करून दाखवलं तर अर्धं काम होतं. डेअरीला दूध घालायची, शेतीपंपाच्या विजेची वेळ आड येत असेल तर भोंगा साडेसात किंवा आठला ठेवा. सातचा आकडा कुठं लिहून ठेवलेला नाही. बारावीची, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं यूट्यूबवरूनच शिकतात, त्यांना बंधन घालू नका. पंचायतीच्या एखाद्या खोलीत त्यांना बसायची जागा द्या, म्हणजे घरातल्या धाकट्यांसमोर मोठ्यांचा फोन चालू राहणार नाही.

मुलींबद्दल आणखी सांगायलाच हवं. बंदी आली की घरात पहिला फोन मुलीचा काढून घेतला जातो, मुलाचा राहतो. आधीच फरक आहे: २०२४ च्या त्याच 'असर'मध्ये १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते आणि मुली २७ टक्क्यांच्या आत. याहून वाईट असा एक परिणाम आहे, तो वरून दिसत नाही. मुलीला कुणी घाणेरडे संदेश पाठवत असेल, फोटो पसरवायची धमकी देत असेल, तर ती घरी सांगत नाही. सांगितलं तर फोन जाईल, कदाचित शाळाही जाईल, लग्नाची बोलणी सुरू होतील, ही भीती असते. ज्या जिल्ह्यात ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकली जातात, तिथं ही भीती उगाच नाही. म्हणून ठरावाबरोबर एक वाक्य गावात मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे: फोनवर काही वाईट घडलं आणि मुलीनं सांगितलं तर तिचा फोन काढून घेतला जाणार नाही. शाळेच्या भिंतीवर तीन नंबर रंगवून घ्या: मुलांच्या मदतीसाठी १०९८, तातडीसाठी ११२, पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. फसवणुकीत जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त, हेही खाली लिहा.

तुमच्या मुलीचं विचारलंत. न पाहता सांगायचं तर मर्यादा आहे, कारण ती काय बघते, कुणाशी बोलते यावर सगळं अवलंबून आहे. पण हिसकावून घेऊ नका. एखाद्या रविवारी तिच्या शेजारी बसून म्हणा, तू काय बघतेस ते मला दाखव, आणि मग खरंच बघा, मध्ये बोलू नका. मैत्रिणींचा ग्रुप असेल तर जेवताना उत्तर दिलं नाही की आपण बाहेर पडू ही धास्ती त्या वयात मोठी असते. मैत्रिणींच्या आयांशी बोलून सगळ्यांची वेळ एकच ठरवली तर ती धास्ती कमी होते. घरातले सगळे फोन, तुमचाही, रात्री बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात चार्जिंगला. आणि फॉर्म भरायचं काम तिच्या अंगावरून काढा. एवढं महिनाभर करून बघा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, शाळेला जायचं टाळत असेल, तर मात्र वाट न बघता उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशकांना भेटा.

मग तो दीड तास. फोन बाजूला ठेवला आणि करायला काही नसलं तर मूल दहा मिनिटांत परत फोन मागेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. वडगावात निवृत्त शिक्षक होते. तुमच्याकडं कोण आहे ते शोधा. डी.एड. करून घरी बसलेली मुलगी, वाचनाची आवड असलेला पोस्टमन, तबला वाजवणारा भजनी मंडळातला माणूस, कबड्डी खेळलेला पोरगा. शाळेचा व्हरांडा संध्याकाळी उघडा ठेवा, तिथं चांगला उजेड पाडा. मोठ्या मुलांनी लहानांना गोष्टी वाचून दाखवायच्या, रोज अर्धा तास. बाकी वेळ खेळ, भजन, गप्पा, काहीही. याला अभ्यासवर्गाचं रूप देऊ नका, नाहीतर ज्यांना वाचता येत नाही ती मुलं पहिल्याच दिवशी घरी राहतील, आणि फोनची गरज त्यांनाच सगळ्यात जास्त भासते. खर्च फार नाही. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तो पैसा बऱ्याच ठिकाणी वर्षाअखेरीस घाईनं काहीतरी घेऊन संपवला जातो. त्यातून दिवे, सतरंज्या आणि गोष्टींची पुस्तकं घ्या. भोंगा आहे तो मंदिरावरचा वापरा, नवा घेऊ नका.

राहिली ग्रामसभा. २६ जानेवारीला तुमचं निम्मं गाव फडावर असेल. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते पुरतं, आणि तहकूब सभेला तेही लागत नाही. म्हणजे ठराव कायद्यानं होऊन जाईल. पण ज्यांच्या मुलांसाठी तो आहे तेच तिथं नसतील. ग्रुपवर टाकून त्यांचे अंगठे मागवले तर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, त्याची किंमत शून्य. ग्रुपचा उपयोग दुसरा आहे: विषयपत्रिका त्यांना आधी कळू द्या, त्यांचं म्हणणं बोलून रेकॉर्ड करून मागवा, ते सभेत ऐकवा. निर्णय मात्र १ मेच्या ग्रामसभेत, पट्टा पडून माणसं घरी आल्यावर. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती खरोखर घ्या आणि वेळेचा निर्णय तिथं होऊ द्या. भोंगा जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हापासून. तोवरचे महिने शाळेनं आणि पंचायतीनं आपापली वर सांगितलेली कामं आवरायला पुरेसे आहेत.

१ मेच्या ठरावाची शब्दरचना अशी ठेवता येईल: 'शाळा सुरू असलेल्या दिवसांत महिला सभेनं ठरवलेल्या वेळेत ग्रामपंचायत आणि शाळा तातडीच्या सूचनेशिवाय कुठलाही संदेश पाठवणार नाहीत, सरपंच, सदस्य, कर्मचारी आणि शिक्षक या वेळेत मनोरंजनासाठी मोबाइल वापरणार नाहीत, गावातील सर्व कुटुंबांना तसंच करण्याची विनंती आहे, बाहेरगावी असलेल्या कुटुंबीयांशी होणारे कॉल, तसंच अभ्यास आणि उपचारासाठीचा वापर यांना हे लागू नाही, शाळेचा व्हरांडा या वेळेत मुलांसाठी खुला राहील, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आढावा घेऊन पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरेल.' पंचायतीला स्वतःवर बंधन घालता येतं, म्हणून ते आधी लिहिलं. घरांना विनंतीच करता येते. तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) मसुदा दाखवून त्यांच्या पद्धतीनं बसवून घ्या.

येत्या २६ जानेवारीसाठी तुम्हाला दोनच गोष्टी करायच्या आहेत. हा विषय नोटिशीत नसेल तर आयत्या वेळच्या विषयांत तो येऊ देऊ नका. आणि नोटिशीत असेल तर उभं राहून दुरुस्ती सुचवा, की बंदीऐवजी आधी घरोघर विचारणा करावी: घरात फोन किती, संध्याकाळी तो कुणाकडं असतो, कशासाठी लागतो, आई-बापाचा फोन किती वाजता येतो, घरात ओटीपी कोण बघतं. अंगणवाडी सेविकांवर हे काम टाकू नका, त्यांची पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरची नोंदच संध्याकाळपर्यंत चालते. प्रत्येक सदस्यानं आपापल्या वॉर्डात स्वतः फिरावं.

फडावर गेलेल्या घरांची उत्तरं आजी-आजोबांकडून घेऊ नका. त्यांच्या आई-बापांना रात्री साडेआठनंतर फोन लावून विचारा, तोवर त्यांचं जेवण झालेलं असतं.